सगळ्यांना ऐकू येईल अशी हजेरी

वायरलेसवर मुक्याचा आवाज आला, "पोचलं आत्या, पण पटलं नाही," तेव्हा आत्या चहात बुडालेला बिस्किटाचा तुकडा चमच्यानं शोधत होती. बराच वेळ तिनं माइकला हात लावला नव्हता. कुठल्या गाडीला प्रवाशाची वर्दी दिली नव्हती, कुणाला रस्ता सांगितला नव्हता. मग याला पोचलं तरी काय?

तिनं बटण दाबलं. "काय पोचलं रे?"

"तुम्ही आत्ता बोललात ते."

"मी कुठे बोलले? माझ्या तोंडात बिस्कीट आहे."

"रेडिओवर हो. दोन गाण्यांच्या मधे. विकून टाका, मोकळे व्हा, म्हणालात. तुमचा आवाज कानावर पडला की माझा हात आपोआप माइककडे जातो, त्याला मी काय करू? मागे बसलेल्या बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, रेडिओला उत्तर देणारा ड्रायव्हर आजच बघितला."

आत्यानं चमचा खाली ठेवला. बिस्कीट गेलं तळाशी.

मुका हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या जिभेला विसावा म्हणून ठाऊक नव्हता, म्हणून बाकीच्या टॅक्सीवाल्यांनी त्याला मुका केलं होतं. वायरलेसवर लांबलचक नावं चालत नाहीत, तेव्हा प्रत्येक गाडीला असं एक नाव पडलं होतं. घाई आणि उशीर हे दोघे सख्खे भाऊ होते. त्यातला उशीर नेहमी आधी पोचायचा आणि घाईची वाट बघत बसायचा. कुणाचं नाव कुणाला चिकटलं ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं. थोरलीकडे सगळ्यात मोठी गाडी होती आणि सगळ्यात मोठा आवाज. मास्तर तेवढे खरोखरीचे मास्तर होते, शाळा सोडून गाडीवर आलेले.

आत्याही खरी आत्या एकाचीच होती. पहिली टॅक्सी तिच्या भावाची. त्याचा मुलगा, म्हणजे तिचा भाचा, याच खोलीत खिडकीच्या कठड्यावर बसून वाढला. माइक चालू असताना तो मागून "आत्या, भूक लागली" असं ओरडायचा आणि ते गावभरच्या गाड्यांत ऐकू जायचं. तेव्हापासून ती सगळ्यांची आत्या झाली. तिच्याहून वयानं मोठा असलेला उशीरसुद्धा तिला आत्याच म्हणायचा.

खोली गॅरेजच्या वर होती. खाली हवेचा पंप चालू झाला की फरशी थरथरायची आणि कपबशी वाजायची. खिडकीतून पूल दिसायचा. एका टेबलावर वायरलेस, त्याच्या बटणावरचा रंग आत्याच्या अंगठ्यानं उडालेला. दुसऱ्या टेबलावर भाच्याचे दोन पडदे. भाचा कॉम्प्युटर शिकला होता, आणि गाड्यांना फोनवरच वर्दी मिळेल असा प्रोग्राम त्यानंच बनवला होता. चांगला बनवला होता, आत्या ते मोकळेपणानं कबूल करायची. आता प्रवासी फोनवर बोट ठेवायचा आणि जवळची गाडी आपसूक जायची. वायरलेस उरला तो बोगद्यापलीकडच्या डोंगराच्या भागासाठी, जिथे फोन गुळणी धरून बसतात. आणि हजेरीसाठी.

हजेरी रोज सकाळी व्हायची. आत्या एकेका गाडीचं नाव घ्यायची, गाडी आपण कुठे आहोत ते सांगायची आणि म्हणायची, "ऐकतोय." एवढंच. पण टॅक्सीवाल्यांची ही मंडळी स्वतःच मालक होती. प्रत्येक गाडीचा एक हिस्सा, कुणाचा कमी नाही, कुणाचा जास्त नाही. नवी गाडी घ्यायची का, स्टेशनवरचा थांबा कुणाकडे द्यायचा, कुठला रस्ता रात्री टाळायचा, हे सगळं ठरायचं ते हजेरीतच. सगळे टॅक्सीवाले एका सभागृहात बसले तर लोकांना नेऊन सोडणार कोण? म्हणून सभा वायरलेसवर. वायरलेसची एक गंमत आहे. एकजण बोलत असताना दुसऱ्याला बोलता येत नाही. ऐकावंच लागतं. आणि ज्याचा होकार त्यानं तो तोंडानं द्यायचा, नकार असेल तर तोही, सगळ्यांना ऐकू येईल असा. "वायरलेसवर नुसती मान हलवून चालत नाही," आत्याचा भाऊ म्हणायचा.

आता ही मंडळी विकत घ्यायला एक मोठी कंपनी आली होती. आजूबाजूच्या गावांतल्या अशा मंडळ्या तिनं आधीच गिळल्या होत्या. त्यानंतर तिनं रेडिओ घेतला, जो टॅक्सीवाले दिवसभर ऐकतात. मग पेपर घेतला, जो मागच्या सीटवर पडलेला असतो. तेव्हापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला होता. आधी बातमी यायची, मग ती खरी व्हायची. शेजारच्या गावची मंडळी डबघाईला आली असं पेपरात आलं, तेव्हा ती चांगली धडधाकट होती. लोकांनी वाचलं, बिचकले, तिथल्या गाड्या बोलवेनासे झाले. महिन्याभरात ती खरंच डबघाईला आली आणि कंपनीनं तिला उचललं, वर उपकार केल्याचा फोटो छापला.

इथे मात्र बातमी गोड होती. गेल्या आठवड्यात रेडिओवाली मुलगी खोलीवर आली होती. दुसऱ्याच वाक्याला तिनं "आत्या" म्हणायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला आत्या विरघळली. माणूस म्हटलं की स्तुती आवडतेच. गावातल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला तुमचा आवाज आईसारखा वाटतो, असं ती म्हणाली. आत्यानं तिला चहा दिला, बिस्किटं दिली आणि पोटभर बोलली.

तिथेच चूक झाली, ती बोलण्याच्या खोडीमुळे. कुणाला खोडून काढायचं असलं की आत्या आधी त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि मग टोला हाणायची. त्या दिवशीही तिनं तसंच केलं होतं. कंपनीच्या माणसाचा मऊ सूर काढून ती म्हणाली होती, "विकून टाका, मोकळे व्हा. खूप केलंत, आता आराम करा." आणि मग स्वतःच्या सुरात, "हे मला कोण सांगणार? आराम करायला मला माझी खुर्ची पुरते. तुमच्या खुर्चीत बसायला मला कुणी उचलून न्यायची गरज नाही."

रेडिओनं नक्कल ठेवली होती आणि टोला कापला होता.

मागच्या टेबलावर भाचा पडद्याकडे बघत होता. फार लक्ष देऊन बघत होता, म्हणजे पाठीमागे कान होते. आत्या उठून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती आणि मधोमध काळी रेघ. पट्टी रेघेच्या थोडी पुढे गेली होती.

"ही काय आहे?"

"होकार. मंडळी विकायला तयार आहोत म्हणून कंपनीला फोनवर अंगठा देतात ते." भाचा मागे वळला नाही. "रेघ म्हणजे निम्मे. आज संध्याकाळी पट्टी तिच्यापुढे असली, की मंडळी विकली."

"काल कुठे होती?"

"रेघेच्या बरीच अलीकडे. सकाळपासून सरकली."

"माझा आवाज लागल्यापासून."

भाच्यानं आता खुर्ची फिरवली. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणापासून खोटं लपवताना त्याचे आधी कान लाल व्हायचे. "तू चिडशील म्हणून सांगितलं नाही, आत्या."

"म्हणजे मी चिडणार हे तुला ठाऊक होतं. आणि चिडण्यासारखं काही आहे हेही ठाऊक होतं."

"मी कापलं नाही ते. मला काल रात्री ऐकवलं, तोवर त्यांचं सगळं ठरलं होतं." त्यानं दोन्ही पडद्यांकडे हात केला. "आणि खरं सांगू? त्यांच्याकडे माझ्यासारखी शेकडो माणसं आहेत कामाला. मी इथे एकटा. प्रोग्राम बंद पडला तर मी, फोन लागेना तर मी, प्रवासी रुसला तर मी. मीही थकतो."

"थक की. थकायला कुणी बंदी केली? थकलो असं हजेरीत सांगायचं. तुझा बापही सांगायचा."

भाच्यानं खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली. मग बारीक आवाजात म्हणाला, "आता काय उपयोग. कुणाला होकार परत घ्यायचा तर फोनवरूनच घेता येतो, संध्याकाळी कंपनीची कचेरी बंद होईपर्यंत. पण घेणार कोण? प्रत्येकाला वाटतंय बाकीच्यांनी दिलाय. आणि दुपारी ते लोक इथे येतायत. कार्यक्रम आहे."

"कसला?"

"तुझ्या शेवटच्या हाकेचा." त्यानं खणातून एक कागद काढून दिला. "उद्यापासून गाड्यांतले वायरलेस काढणार. त्याआधी तू सगळ्यांना एकदा निरोप द्यायचास. रेडिओवर तिथल्या तिथे ऐकवणार, पेपरात फोटो येणार. सगळ्या गाड्यांना निरोप गेलाय, दुपारी वायरलेस चालू ठेवा म्हणून."

कागदावर मोठमोठी अक्षरं होती. आत्या वाचायला शिकली ती केस पिकल्यावर, रस्त्यांच्या पाट्या लागतील एवढ्यापुरती, आणि हे कुणीतरी कंपनीला सांगितलं होतं. तिनं बोट ठेवून पहिली ओळ वाचली. "माझ्या लाडक्या लेकरांनो." मग चष्म्यावरून भाच्याकडे बघितलं. "उशीर माझ्याहून मोठा आहे. त्याला मी लाडकं लेकरू म्हटलं तर तो गाडी नदीत घालेल."

भाच्याला हसू आलं आणि ते त्यानं गिळलं.

आत्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. पुलावरून आपल्या गाड्या जात होत्या, एकेकटा माणूस एकेका गाडीत. हल्ली हजेरीला निम्मेअधिक वायरलेस बंदच असायचे. कोण कुठे आहे ते पडद्यावर दिसतं, मग बोलायचं कशाला, असं म्हणून तरुण पोरं बटण फिरवून टाकायची. सगळ्या गाड्या एका वेळी ऐकत बसल्यात असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. आणि आज खुद्द कंपनीनंच तसा निरोप धाडला होता.

"करू कार्यक्रम," ती म्हणाली.

"इतक्या सहज?"

"घसा साफ करायला गरम पाणी ठेव."

दुपारी ते आले. कंपनीचा कोटवाला माणूस पुढे होता. त्याला गावातला प्रत्येक टॅक्सीवाला ओळखत होता, कारण गेले काही दिवस हा गृहस्थ सारखा टॅक्सीनं फिरत होता. प्रवासी म्हणून वर्दी द्यायचा, मागे बसायचा, मुलाबाळांची चौकशी करायचा. त्याच्या काखेत कंपनीची नवी पाटी होती. ती त्यानं वायरलेसच्या मागे भिंतीला टेकवून उभी केली. त्याच्यामागून रेडिओवाली मुलगी आली, तिनं आत्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. मग पेपरचा फोटोवाला आला.

"बाई, डोळ्याला रुमाल लावाल का?" फोटोवाला म्हणाला.

"डोळ्यात पाणी नाही आलेलं."

"नुसता लावा."

"नाक पुसते. ते तरी खरं होईल."

कोटवाला मनापासून हसला. तो वाईट हसत नव्हता, त्याला खरोखरच सगळं छान चाललंय असं वाटत होतं. "बाई, गावात सगळ्यात जास्त विश्वास तुमच्या आवाजावर आहे. त्याचं आम्ही सोनं करणार आहोत. आमच्या सगळ्या गाड्यांत तुमचाच आवाज बोलेल. तुम्हाला यायचीसुद्धा गरज नाही."

"मी नसताना मी बोलणार?"

"तेच तर विज्ञान आहे."

"सकाळी ऐकलं मी ते विज्ञान," आत्या म्हणाली आणि खुर्चीत बसली.

खाली गॅरेजमधला रेडिओ मोठ्यानं चालू होता. रेडिओवाली आपला माइक आत्याच्या हनुवटीजवळ धरून गोड आवाजात चार वाक्यं बोलली, तीच वाक्यं खालून जिन्यानं वर आली. मग तिनं मान डोलावली. आत्यानं कागद समोर ठेवला, त्यावर चष्मा ठेवला आणि वायरलेसचं बटण दाबलं.

"सगळ्या गाड्यांना. आत्या बोलतेय. मला एक कागद वाचायला दिलाय, तो मी वाचत नाही. सकाळी रेडिओवर आवाज माझा होता. पण बोलणं अर्धंच होतं. मी त्या कोटवाल्यांची नक्कल केली होती, ती तुम्हाला ऐकवली आणि त्यावर मी काय म्हणाले ते कापून—"

खालच्या रेडिओवर गाणं सुरू झालं. मधूनच, शब्दाच्या पोटातून. गॅरेजमध्ये कुणाच्या तरी हातातला पाना फरशीवर पडला.

वायरलेस खरखरला. "आत्या," मुका म्हणाला, "रेडिओवर गाणं लागलं हो. तुम्हाला मधेच तोडलं. पण इकडे वायरलेसवर तुम्ही ऐकू येताय."

"इकडचं बटण माझ्या हाताखाली आहे. आता गप्प बस, हजेरी आहे."

कोटवाल्याचं हसू जागच्या जागी वाळलं. "हे काय चाललंय? ते बंद करा." आत्या ऐकणार नाही हे त्याला दिसलं, म्हणून तो भाच्याकडे वळला. "अहो, बंद करा ते. वायर कुठे आहे?"

वायर खिडकीखाली होती. भाचा उठला. त्याच वेळी खाली पंप सुरू झाला, फरशी थरथरली, कपबशी वाजू लागली, पुलावरून मोठाले ट्रक गेले. आत्याची नजर वायरलेसच्या जाळीवर होती, पण पाठ मात्र भाच्याची पावलं ऐकत होती. तो खिडकीपाशी पोचला. थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग त्यानं खिडकीबाहेर डोकं काढून खाली ओरडून सांगितलं, "पंप बंद करा रे, हजेरी आहे," आणि खिडकीची दोन्ही दारं लावून घेतली. खोली शांत झाली. तो परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

आत्यानं श्वास सोडला. "घाई."

"पुलाच्या पलीकडे आहे. ऐकतोय. आत्या, मी होकार दिलाय हो. ते साहेब माझ्या गाडीत बसले होते. म्हणाले, तुझ्या भावासकट सगळ्यांनी दिलाय, तूच एक राहिलास."

"उशीर."

"बाजारात आहे. ऐकतोय. अरे गाढवा, मी तेव्हा कुठे दिला होता? मला म्हणाले, तुझ्या धाकट्यानं दिलाय, तूच एक राहिलास. मी तुझ्यामागून दिला."

"मला कसं कळणार? तू घरी बोलतोस कधी?"

"तू जेवायला वेळेवर येतोस कधी?"

"ते घरी भांडा," आत्या म्हणाली. "होकार का नकार, एवढं सांगा. घाई?"

"नकार."

"उशीर?"

"त्याच्या आधी माझा नकार."

"पोचलं. थोरली."

"दवाखान्यापाशी. ऐकतेय." थोरलीचा आवाज वायरलेसशिवायही आला असता. "मला म्हणाले, बायका समजूतदार असतात, पुरुषांच्या आधी त्यांना कळतं. तुमच्याखेरीज सगळ्यांनी होकार दिलाय. मी म्हटलं, मग मी आधी कशी? त्यावर त्यांना खोकला आला. माझा पहिल्यापासून नकार आहे, आजही नकार."

एकामागून एक नावं येत गेली. गाडी आपण कुठे आहोत ते सांगायची, ऐकतोय म्हणायची, आणि पुढची गोष्ट तीच असायची. मागची सीट, मुलाबाळांची चौकशी आणि तूच एक राहिलास. प्रत्येकाला वाटलं होतं ही गोष्ट फक्त आपल्याशी बोलली गेली. आता ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कुणी मोठ्यानं हसत होता, कुणाच्या तोंडून शिवी निसटत होती आणि लगेच "माफ करा आत्या" येत होतं. एका नव्या पोराला वायरलेस कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. त्याचं अर्धं बोलणं गिळलं गेलं, आत्यानं त्याला बटण दाबून मग बोल असं शिकवलं, आणि त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

कोटवाला भिंतीपाशी उभा होता. स्वतःचंच वाक्य इतक्या वेळा इतक्या तोंडांतून ऐकण्याची पाळी त्याच्यावर याआधी आली नसावी. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला होता. कॅमेऱ्याचा दिवा मात्र तसाच जळत होता, कोटवाल्याच्या कोटावर.

"मास्तर."

"शाळेच्या चौकात आहे. ऐकतोय. बाई, मी होकार दिलाय आणि तो मी परत घेणार नाही."

कोटवाल्यानं मान वर केली.

"माझे गुडघे गेलेत," मास्तर म्हणाले. "माझा हिस्सा विकला गेला तर मी सुटेन. कुणाला राग यायचा तर येऊ दे."

आत्याच्या मनात बरंच काही आलं. मास्तर तिच्या भावाच्या बरोबरीचे, त्यांचा नकार गेला तर दहा जणांचा जाईल हे तिला कळत होतं. पण हजेरीत आत्यानं कुणाला पटवायचं नाही, फक्त ऐकायचं, हा रिवाज होता. तो आज मोडला तर कोटवाल्यात आणि तिच्यात एका कोटाचाच फरक उरला असता.

"पोचलं, मास्तर," ती म्हणाली. "होकार तो होकार. राग नाही."

"आणखी एक," मास्तर म्हणाले. "मीच शेवटचा उरलोय असं मलाही सांगितलं होतं. होकार माझ्या मनाचा आहे, पण ती थाप होती. तेवढं सगळ्यांच्या कानावर असू दे."

मास्तरांच्या मागून दोघातिघांनी होकार दिला. एकाला मुलीकडे दुसऱ्या गावी जायचं होतं. एकाला कंपनीच्या नव्या गाड्या आवडल्या होत्या, त्यानं तसं सरळ सांगितलं. आत्यानं सगळ्यांना "पोचलं" म्हटलं, एकाच सुरात.

हजेरी संपत आली तशी तिनं मागे वळून बघितलं. भाच्याच्या पडद्यावरची हिरवी पट्टी हलत होती. माणसं गाडी बाजूला लावून फोनवर होकार परत घेत होती. पट्टी काळ्या रेघेवर आली, तिथे घुटमळली. मग इंचभर अलीकडे सरकली आणि सरकतच राहिली.

"यादी संपली ना?" कोटवाला म्हणाला. त्याचा मऊ सूर गेला होता.

"एक आहे." आत्यानं पुन्हा बटण दाबलं. "खिडकी."

हे नाव वायरलेसवर बऱ्याच वर्षांनी उमटलं. कठड्यावर बसणाऱ्या पोराला त्याच्या बापानं ते दिलं होतं, आणि बापाच्या गाडीचा हिस्सा त्याच नावावर होता. आत्यानं खुर्ची बाजूला सरकवली. भाचा उठून आला. तो माइकपुढे वाकला तेव्हा कोटवाल्याच्या आणि त्याच्या चेहऱ्यात हातभर अंतर होतं.

"खोलीत आहे," तो म्हणाला. "ऐकतोय. मी होकार दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता. सकाळचं अर्धं बोलणं मला रात्रीच ठाऊक होतं, मी गप्प बसलो. आणि मी थकलोय. प्रोग्राम सांभाळायला मला आणखी एक माणूस हवा. तो मिळो न मिळो, माझा नकार."

"पोचलं," आत्या म्हणाली. आणि मग हजेरीत कधी बोलायची नाही ते बोलली. "नव्या माणसाचं उद्याच्या हजेरीत बघू."

कोटवाल्यानं पाटी उचलून पुन्हा काखेत धरली. "बाई, आमचे वकील आहेत."

"असतील की. एवढी मोठी कंपनी."

"आणि उद्याच्या पेपरात तुमच्याबद्दल काय छापून येईल, त्याचा विचार करा. वय झालंय, डोकं ठिकाणावर नाही, म्हातारीनं कामगारांना भडकवलं. गाव वाचतं तो पेपर."

"वाचू दे. मीही वाचेन. मी बोट ठेवून वाचते, मला तुमचा एक पेपर आठवडाभर पुरतो." आत्यानं चष्मा उचलून डोळ्याला लावला. "पण मागच्या सीटवर तुमचा पेपर असला, तरी पुढच्या सीटवर माणूस असतो. लोक त्यालाही विचारतात, काय हो, खरं का हे? आता त्या प्रत्येकानं ऐकलंय."

फोटोवाल्यानं दिवा विझवला आणि तो कुणाचाही निरोप न घेता जिना उतरला. रेडिओवाली दारात घुटमळली. "आत्या, मी पूर्ण दिलं होतं. मी नाही कापलं."

"असेल बाळ. मग पूर्ण तुझ्याकडे असेलच. आहे ना?"

मुलीनं हळूच मान हलवली.

"माझ्यापुढे मान हलवून काय उपयोग," आत्या म्हणाली. "जमेल तेव्हा लाव ते. सगळ्यांना ऐकू जाईल असं." मुलगी गेली. तिनं ते पुढे लावलं की नाही, हा वेगळा विषय.

कोटवाला खिशातून फोन काढून त्यावर बोट फिरवत होता. भाच्याच्या पडद्यावर टिंग असं वाजलं. भाच्यानं वाचलं आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी हसू दाबल्यानं. "आत्या, वर्दी आली. इथूनच. स्टेशनपर्यंत."

आत्यानं बटण दाबलं. "मुक्या, वर्दी. खोलीच्या खालून, स्टेशनपर्यंत. प्रवासी कोटवाले. सांभाळून न्यायचं, भाडं नेहमीचं, सामान उचलून ठेवायचं. मागून काही बोलले, तर माइकचं बटण दाबून धर, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल."

"आणि ते काहीच बोलले नाहीत तर?"

"मग तू बोल."

"पोचलं," मुका म्हणाला, इतक्या आनंदानं की जाळी थरथरली.

कोटवाल्यानं फोनवर पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि जिना उतरून गेला. आत्यानं खिडकी उघडली. खालचा पंप पुन्हा सुरू झाला, कपबशी वाजू लागली. तो गॅरेजच्या दारातून बाहेर पडला, रस्त्याच्या कडेला थांबला, दोन्ही बाजूंना बघितलं आणि काखेतली पाटी सावरत पुलाच्या दिशेनं चालू लागला. एक टॅक्सी त्याच्यामागून हळूहळू येत होती.

"आत्या, ते पायी निघालेत," मुका म्हणाला. "ऊन आहे. बसता का, असं विचारू?"

"वर्दी आहे का अजून?"

भाच्यानं पडद्याकडे बघितलं. "रद्द केली त्यांनी."

"रद्द झाली रे. थोरलीनं कळवलंय, दवाखान्याच्या दारात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे आहेत, तिची गाडी भरलेली आहे. त्यांना घे."

"पोचलं," मुका म्हणाला, आणि टॅक्सी कोटवाल्याला ओलांडून पुलावर चढली.